सात वाजताचा थेंब

इंदूताई सोमकुवरला नीट दिसत नाही, असं दोन वर्षांपूर्वी सौंसरात कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच डोळे तपासायला पाठवलं असतं. एकोणीस वर्षं झाली, वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन ही बाई करते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, रोज संध्याकाळी. साडेसहाला वंदना आणि पंचशील, सातला वाचन. पाऊस असो, लाईट जावो, घरी पाहुणे येवोत, इंदूताई पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या आधी हजर. पुस्तक दोन्ही हातांत धरायचं आणि तासभर वाचायचं, एका शब्दाला अडखळायचं नाही. अशा बाईच्या डोळ्यांना काही झालं असेल, असं कोणाच्या मनात तरी कसं येईल?

आणि तिच्याशिवाय वाचणार कोण, हाही प्रश्नच होता. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे घरात मराठी आणि शाळेत हिंदी. पोरं फोनवर भराभर वाचतील, पण ग्रंथातलं लांबलचक मराठी वाक्य पुढे आलं की तिसऱ्या शब्दाला बसकण मारतात. एका वर्षी इंदूताईला टायफॉईड झाला, तेव्हा विहाराचे अध्यक्ष भाऊराव गजभिये स्वतः वाचायला बसले. भाऊराव माणूस भला, वीज मंडळातून निवृत्त झालेला, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. पण वाचताना असे थांबायचे की त्यापेक्षा पॅसेंजर गाडी बरी. चार दिवसांत निम्म्या बाया घरीच राहू लागल्या. पाचव्या दिवशी इंदूताई अंगात ताप घेऊन पुस्तकापुढे येऊन बसली.

तिचं माहेर नरखेडकडचं. तिथं मराठी शाळेत सातवी झाली आणि लग्न होऊन ती इकडे आली. बाप शेतमजूर, त्याला सही येत नव्हती. पण पोरीला वाचायला बसवून तो समोर उकिडवा बसायचा आणि ऐकायचा. आपल्या घरात वाचणारी पोरगी आहे, याचा त्याला केवढा माज! तो माज इंदूताईतही उतरला होता. थोडा नाही, चांगलाच उतरला होता.

नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. मुलगा प्रतीक सौंसरलाच एका दुकानात कामाला, सून सोनाली पांढुर्ण्याची. इंदूताई दिवसा शाळेत पोरांचं जेवण रांधायची. तिथंही तिच्या नजरेचं कौतुक. तांदूळ निवडायला बसली की पांढरा खडा पांढऱ्या तांदळातून बरोबर उचलायची. तिच्यासोबत रांधणारी सुशीलाबाई म्हणायची, "माय वं, तुह्या डोळ्याले काय दुर्बीण लावली का?" पण तीच इंदूताई वरणानं भरलेला गंज घेऊन वळली की बाजूला उभ्या असलेल्या पोरीला धडकायची. दाराची चौकट तिच्या खांद्याला रोज लागायची. रस्त्यात ओळखीची बाई बाजूनं हाक मारून गेली तरी ही सरळ पुढे. मग बायांमध्ये सुरू, "इंदूताईले आता गर्व झाला, वळखच दाखवत नाही." इंदूताईच्या कानावर हे यायचं आणि ती चिडायची. आपण पाहिलंच नाही, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. जे दिसत नाही ते दिसत नाही हे कळणार कसं? खांद्यावरचे निळे डाग ती साडीखाली झाकायची आणि म्हणायची, धांदरट झाली मी, दुसरं काय.

तिची आई अंबाबाई म्हातारपणी पूर्ण आंधळी झाली होती. शेवटची सहा वर्षं खाटेवर बसून, सून देईल ते हातानं चाचपून खायची. मोठी बहीण साठीला पोचायच्या आत तशीच झाली. घरात सगळे म्हणायचे, वय झालं, दिवे मंदावले. आमच्या वस्तीत असं एक तरी म्हातारं माणूस प्रत्येक घरी असतं आणि त्याला कोणी आजार म्हणत नाही. पाय दुखतात, दात पडतात, तशी नजर जाते. गेली की माणूस भिंतीला पाठ लावून बसतो आणि उरलेले लोक त्याला ताट नेऊन देतात.

चार वर्षांपूर्वी समाजभवनात डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. इंदूताईनं एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला, आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला. तो सुद्धा वाचनात वाचते तशा सुरात! तपासणारा पोरगा हसला. म्हणाला, "अम्मा, आपकी नज़र तो मुझसे अच्छी है." मोतीबिंदू नव्हता. शिबिरवाले मोतीबिंदू शोधायला आले होते, तो ज्यांना निघाला त्यांना गाडीत बसवून घेऊन गेले. इंदूताईला घरी पाठवलं. बरोबरच्या बाया म्हणाल्या, "वाचनाऱ्या बाईचे डोळे हायत, त्याले काय होते?" इंदूताईलाही तेच वाटलं. वाचता येतं म्हणजे दिसतं. आपल्या लोकांत वाचणं म्हणजे काय असतं, ते कसं मिळालं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच ही चूक कळेल. डोळा कशासाठी? वाचण्यासाठी. वाचता येतंय ना? मग डोळा चांगला. एवढा साधा हिशोब होता आणि सगळी वस्ती तो मानत होती.

मागच्या चैत्रात एका शनिवारी ती बस स्टँडजवळ रस्ता ओलांडत होती. शनिवारी जामसांवलीच्या देवळात जाणाऱ्यांची गर्दी असते, गाड्यांवर गाड्या. उजवीकडून मोटरसायकल आली. आजूबाजूचे लोक ओरडले, हॉर्न वाजला, आणि इंदूताई तरीही त्या गाडीपुढे शांतपणे चालत गेली. मनगट मोडलं. मोटरसायकलवाला बिचारा रडकुंडीला आला होता. "त्या माह्याकडे पाहून राहिल्या होत्या जी, मले वाटलं थांबतीन!" प्रतीकच्या मनात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खटकलं. प्लास्टर निघाल्यावर तो तिला नागपूरला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथं तिला एका खोलीत बसवलं. पांढऱ्या मोठ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठंही उजेडाचा बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. इंदूताई तयारीनं बसली. बटणावर अंगठा ठेवून वाट पाहू लागली. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"बाई, मशीन चालू करा न," ती म्हणाली.

"मावशी, चालूच आहे," ती मुलगी म्हणाली. "केव्हाची चालू आहे."

इंदूताईनं बटणावरचा अंगठा काढून घेतला. पुढे डॉक्टरीणबाईंनी काय काय सांगितलं त्यातलं निम्मं तिला ऐकूच आलं नाही. प्रतीकनं ऐकलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस वाळत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेकडेनं खात खात आत येतो आणि मधली सगळ्यात शेवटी जाते. डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. डाव्या डोळ्याचा सगळा काळा. उजव्याचाही काळा, फक्त मध्यभागी रुपयाएवढी पांढरी जागा.

"एवढ्याशा जागेतून तुम्ही पुस्तक वाचत होता," त्या म्हणाल्या. "म्हणून तर कोणाला कळलं नाही. आईला होता का असा त्रास? बहिणीला?"

इंदूताईनं मान हलवली. आई खाटेवर बसलेली तिला दिसली. आजारच होता तर. एवढी वर्षं आजार होता आणि आपण तिला ताट नेऊन देत राहिलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही, मावशी. उरली आहे ती राखायची. थेंब टाकायचे, कायमचे. आणि मुलाचे डोळे तपासून घ्या." प्रतीक म्हणाला, "मले तर सगळं दिसते, मॅडम." डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याच दिवशी त्याला पण त्या वाटीत तोंड घालावं लागलं. त्याचं ठीक निघालं, पण दर वर्षी यायचं असं सांगून सोडलं.

बाहेरच्या सिस्टरनं बाटली दिली. दुधासारखं पांढरं औषध, हलवून टाकायचं. भिंतीवरच्या घड्याळात तिनं सात दाखवले. "सकाळी सात, संध्याकाळी सात. रोज. अजिबात चुकवायचं नाही." मागे चाळीस माणसं उभी होती. सिस्टर सकाळपासून हेच वाक्य बोलून दमली होती, तिचा तरी काय दोष?

इंदूताईनं ते वाक्य पंचशीलासारखं धरलं. सकाळी सात, संध्याकाळी सात. थेंब पडला की डोळ्यावर पांढरी साय धरायची, वीस-पंचवीस मिनिटं सगळं धुकं. तेवढा वेळ ती खाटेवर गप्प बसून राहायची. ज्येष्ठात मायलेक पुन्हा नागपूरला गेले, दाब उतरला होता. "शाब्बास, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सौंसरात तिनं कोणालाच काही सांगितलं नाही. सोनालीला आणि प्रतीकलाही सांगू दिलं नाही. शाळेतलं काम तिनं मनगटाचं निमित्त काढून सोडलं. वरणाच्या गंजाची आता तिला भीती वाटायची.

आणि आषाढी पौर्णिमा आली.

पहिल्या दिवशी तिनं नियमानं सगळं केलं. वंदना झाली, पंचशील झालं, सातला दोन मिनिटं कमी असताना ती विहाराच्या मागे गेली, थेंब टाकला, आणि येऊन पुस्तकापुढे बसली. पानावर धुकं. ओळी होत्या, अक्षरं नव्हती. पहिलं पान तिला तोंडपाठ होतं, ते तिनं म्हटलं. दुसऱ्या पानावर गाडी अडली. तिनं चष्मा पुसला. पुन्हा पुसला. सत्तर माणसं समोर बसलेली. ती अंदाजानं बोलायला गेली तर वाक्य भलतीकडेच गेलं. भाऊरावांनी मान वर करून पाहिलं. सव्वासातच्या पुढे धुकं विरलं आणि मग तिनं उरलेलं वाचन नेहमीसारखं केलं. पण निघताना चपला घालता घालता एक बाई दुसरीला म्हणाली, "इंदूताई थकल्या आता. पुढच्या साली दुसरं कोनी पाहा लागन."

ते वाक्य इंदूताईच्या जिव्हारी लागलं. सबंध रात्र तिनं ते उगाळलं. आयुष्यात तिला लोकांनी मान दिला तो एकाच गोष्टीसाठी. रांधण्यासाठी नाही, निंदण-खुरपणासाठी नाही, कोणाची बायको म्हणून नाही. वाचण्यासाठी. आणि डोळ्यांचं कळलं की ते काढून घेणार. मायेनंच काढून घेणार, "आराम करा, ताई" म्हणून. मग काय करायचं? आईसारखं भिंतीला पाठ लावून बसायचं?

सातचा थेंब वाचन झाल्यावर, साडेआठला टाकला तर? हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण सिस्टरचं बोट तिला दिसायचं, सातवर टेकलेलं. वेळ चुकली की औषध उलटतं, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. सातचं औषध साडेआठला घेणं तिला चुकीचं वाटलं आणि मुळीच न घेणं त्यापेक्षा बरं वाटलं. आता बोला! फोन करून विचारायचं तर दवाखान्याच्या फोनवर कोणाला काय विचारणार, आणि प्रतीकला सांगितलं तर तो वाचनच बंद करेल. शेवटी तिनं स्वतःच तोड काढली. सकाळी एकाच्या जागी दोन थेंब टाकायचे, म्हणजे संध्याकाळचाही त्यात झाला.

दुसऱ्या दिवसापासून तिचं वाचन पुन्हा पूर्वीसारखं झालं. त्या चपला घालणाऱ्या बाईनं स्वतः येऊन पाया पडायला वाकून म्हटलं, "ताई, आज तर कान धन्य झाले." इंदूताईला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

रोज घरी आल्यावर सोनाली विचारायची, "आई, थेंब टाकला का?"

"हो, टाकला न तिकडंच."

साडेसहाला सगळ्यांसोबत हात जोडून खोटं न बोलण्याचं शील घ्यायचं आणि साडेआठला घरात येऊन खोटं बोलायचं. अडीच महिन्यांत एक दिवस असा गेला नाही की तिला ते बोचलं नाही. पण बोचतं म्हणून माणूस सोडतो थोडंच? श्रावण गेला, भादवा लागला. तिला फार थकवा यायचा. एक ओळ संपली की पुढच्या ओळीचं तोंड सापडायला वेळ लागायचा. मग तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, ताई आता समजावून सांगत सांगत वाचून राहिल्या. एके दिवशी "दुःखाचे" वाचताना आधी "दुः" दिसला, मग "खा", मग "चे". सगळा शब्द एकदम दिसेना. तिनं तो सावकाश जोडून वाचला आणि पुढे गेली. घरी आल्यावर जेवली नाही. नागपूरची तारीख पितृपक्षातली होती, ती तिनं दोनदा पुढे ढकलली होती, पाय दुखतो म्हणून.

पौर्णिमेला दहा दिवस उरले असताना ओळच सापडेनाशी झाली. त्या रात्री इंदूताईनं प्रतीकला हाक मारली आणि म्हणाली, "बाबू, मले दिसून नाही राहिलं."

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, पुन्हा मोजला. मागच्या खेपेच्या दुप्पट होता. पुन्हा ती वाटी, पुन्हा ते बटण. कागदावरची रुपयाएवढी पांढरी जागा आता चण्याच्या दाण्याएवढी झाली होती.

"थेंब टाकत होता का, मावशी? खरं सांगा."

इंदूताईनं खरं सांगितलं. सगळं. वाचन, धुकं, सात वाजता सुरू होणं, सकाळचे दोन थेंब. प्रतीक भिंतीला टेकून उभा होता, त्याचं तोंड पाहवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी हातातला पेन खाली ठेवला.

"दोन थेंब टाकले तर दुसरा गालावरून वाहून जातो, मावशी. डोळ्यात एकच मावतो. आणि संध्याकाळचा तुम्ही साडेआठला टाकला असता तरी चाललं असतं. तास-दीड तास मागेपुढे झालं म्हणून काही बिघडत नाही."

इंदूताई त्यांच्याकडे पाहत राहिली. पाहत म्हणजे काय, आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसली.

"चाललं असतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही जी कोनी?"

डॉक्टरीणबाईंनी कागद फाईलला लावला. तुम्ही विचारलं का नाही, असं त्या म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. बाहेर नंबर पुकारत होते, बाक भरलेले होते. पंधरा दिवसांनी ऑपरेशन ठरलं. त्यानं नजर वाढणार नाही, उरलेली टिकली तर टिकेल, आणि ऑपरेशनमध्येच ती जायचीही थोडी भीती आहे, हेही सांगून टाकलं. तोवर थेंब, दोन्ही वेळा.

परतीच्या बसमध्ये सावनेर मागे पडलं. प्रतीक एकदम फुटला. "तू मले एकदा सांगतलं असतं न, आई! एकदा! मी काय तुले वाचू देलं नसतं?"

"नसतं देलं तू," इंदूताई म्हणाली.

ते खरं होतं. इंदूताईनं खिडकीला डोकं टेकलं. भांडायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं आणि रडायचंही नव्हतं. तिला फक्त कुठंतरी आडवं व्हायचं होतं, आणि कोणी काही विचारू नये असं वाटत होतं.

आश्विन पौर्णिमेला विहार भरून गेला. ग्रंथसमाप्तीचा दिवस, खिरीचं भोजनदान, मागे बायांनी मोठं पातेलं चढवलेलं. मधले दिवस भाऊरावांनी कसेबसे वाचून काढले होते, शेवटचं प्रकरण ताईंनीच वाचावं म्हणून राखून ठेवलं होतं. डोळ्यांचं आता गावभर झालंच होतं. प्रतीकनं रागाच्या भरात भाऊरावांना सगळं सांगून टाकलं होतं. वंदना, पंचशील झालं तसे भाऊराव उठले. हातात शाल होती. माणूस भला, पण बोलायला लागला की आवरत नाही.

"आपल्या इंदूताईनं धम्मासाठी डोळे देले!" ते म्हणाले. "असा त्याग..."

"भाऊ, थांबा," इंदूताई बसल्या जागेवरून म्हणाली.

"ताई, समाजाच्या वतीनं..."

"थांबा म्हनते न मी! खाली बसा."

एकोणीस वर्षांत त्या आवाजात कोणी तिला बोलताना ऐकलं नव्हतं. भाऊराव शालीसकट खाली बसले.

"त्याग-बिग काही नाही," इंदूताई म्हणाली. "मी चुकली. मले वाटलं, डोळ्याचं कळलं त तुम्ही मले वाचू देनार नाही. म्हनून थेंब चोरला. रोज घरी खोटं बोलली. आन् त्यात धम्म कुठी आला? माह्या हट्टापायी झालं हे. ही शाल मले पांघरवान, त उद्या दुसरी कोनी बाई असंच करन. माही माय आंधळी होऊन मेली, मोठी बहीन तशीच बसली हाय. तुमच्या घरी पन हायत, मले माहीत हायत नावानिशी. ते वय नाही, बीमारी हाय. वाचता येते म्हनून डोळे चांगले हायत, असं कोनी समजू नका. चाळिशीच्या वरचे सगळे जन तपासून या. शालीचं काही काम नाही."

मागे पातेल्यात खीर रटरटत होती. ती सगळं बोलून दमून गेली होती. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत नव्हतं.

"किती वाजले, सोनाली?"

"सातले दोन मिनिटं कमी हायत, आई."

"मंग टाक."

सोनाली पुढे आली. तिनं बाटली हलवली, सासूची हनुवटी वर केली आणि एवढ्या माणसांसमोर आधी उजव्या आणि मग डाव्या डोळ्यात एकेक थेंब सोडला. इंदूताईनं डोळे मिटले. "आज सोनाली वाचते," ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "जिथं अडकन तिथं मी सांगीन. सुरू कर."

सोनालीनं पुस्तक उघडलं. तेवढ्यात भाऊराव बसल्या जागेवरून म्हणाले, "नाही. आत्ताच नको. ताईचे डोळे साफ होऊ दे. ताई पानाकडे पाहीन, मंगच वाचन सुरू होईन."

"भाऊ, पंचवीस मिनिटं लागतात," सोनाली म्हणाली.

"लागू दे न. थांबू."

मग सगळे थांबले. बाया, म्हातारे, मांडीवरची पोरं, कोणी उठलं नाही. कोणी फोन काढला नाही. एकीनं मागे जाऊन खिरीखालचा जाळ कमी केला आणि येऊन पुन्हा आपल्या जागी बसली. सात वाजून गेले, पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणाला घाई नव्हती. थोड्या वेळानं भाऊराव हळू आवाजात, जणू एकट्या इंदूताईशी बोलावं तसे म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगतलं असतं, ताई, त आमी असेच थांबलो असतो. रोज."

इंदूताईच्या मिटल्या पापण्या थरथरल्या. नागपुरात आलं नव्हतं, बसमध्ये आलं नव्हतं, ते आता सगळं एकदम वर आलं. तोंड वेडंवाकडं झालं, खांदे हलायला लागले.

सोनालीनं चटकन तिच्या गालावर हात ठेवला. "आई, रडू नका," ती म्हणाली. "औषध वाहून जाईन."

इंदूताईनं ओठ दाताखाली धरले आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली.